सम्मीचे कंपनीतले दिवस

सोमवार, ५ जानेवारी

सम्मी आज पहिल्यांदा कंपनीत गेली. बुटीबोरीले. सकाळी सहाची बस. अंधारच होता, थंडी कडक. बाबाचा स्वेटर घालून दिला, बाह्या लंब्या झाल्या तं दुमडून दिल्या. सोबत रोशनी आहे म्हणून जिवाले थोडं बरं. दोघी एकाच वर्गात, अकरावी वोकेशनल. शाळेनं चार हप्ते कंपनीत काम शिकाले पाठवलं. त्याचे मार्क आहे, सर्टिफिकेट आहे. सर्टिफिकेट नसलं तं बारावीत बसू देत नाही म्हणते.

रोजचं काम लिहाले शाळेनं पोरीयले डायरी दिली. सम्मीले चुकून दोन आल्या. एक मी ठेवून घेतली. सातवीनंतर मी काही लिहिलंच नाही. मेसमधल्या पोळ्या झाल्या की दुपारी दोन घंटे रिकामे असते, तेव्हा लिहीन. कोणाजवळ बोलाचं? हे म्हणते तू फुकट भेते. फुकट तं फुकट.

मंगळवार, ६ जानेवारी

काल हसत घरी आली. प्लास्टिकचे डबे अन् त्याइचे झाकणं बनवते म्हणे ती कंपनी. पोरीयले टेबलावर बसवलं. डब्यावर झाकण लावाचं, खोक्यात भराचं. बस. मशीनजवळ जाऊ देत नाही. जेवाले दोघी एका डब्यात. रोशनीच्या मायनं जवसाची चटणी दिलती, सम्मीनं सगळी खाल्ली. रोशनी भित्री आहे, बसमध्ये सम्मीचा हात धरून बसते.

माह्या पोरीच्या जिवाले काही नाही तिथं. बसणंच तं आहे.

गुरुवार, ८ जानेवारी

भाजून आली. मनगटाच्या वर, लाल पट्टा. विचारलं तं म्हणे काही नाही, गरम झाकण लागलं. मी म्हटलं, झाकणं थंडी होऊन टेबलावर येते म्हणत होती नं तू?

मंग सांगतलं तिनं. कालपासून मशीनवर आहे. दोन बाया कामावर आल्या नाही तं सुपरवायझर म्हणे तुम्ही दोघी या इकडं. सम्मीले तं आवडलंच. म्हणे, "टेबलावर काय शिकाचं आई? मशीन आली की काम लागते."

खोबरेल लावलं. पोरगी सोळाची आहे. मशीन हत्तीएवढी आहे म्हणते.

शुक्रवार, ९ जानेवारी

आज खोदून खोदून विचारलं. स्टीलच्या कपाटाचं दार उघडून तिनं दाखवलं मले कसं कराचं ते.

मशीनले सरकतं दार आहे. आत साचा. दार लावलं की वरचं एक बटन दाबल्या जाते, तेव्हाच साचा बंद होते. दार उघडं असलं तं मशीन थांबून राहते. हात जाऊ नये म्हणून. पण दर वेळी दार लावा, उघडा, त्यात टाइम जाते. तं सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी शिकवलं, त्या बटनात झाकणाचा एक तुकडा कोंबाचा. मशीनले वाटते दार लागलं. मंग दार उघडंच, मशीन आपली चालू.

मी म्हटलं अन् झाकण चिकटलं आत तं?

"हातानं काढाचं नं. साचा बंद व्हाच्या आत."

हसून सांगत होती. म्हणे सगळ्या पोरीयमध्ये मी सगळ्यात फास्ट, सुपरवायझर सर म्हणे तुह्यासारख्या चार पाहिजे. रोशनी लावत नाही तुकडा. ती दर वेळी दार लावते, उघडते. हळू होते तं बोलणे खाते.

कपाटाचं दार लावून घेतलं मी. तरी तिचा हातच दिसून राहिला.

शनिवार, १० जानेवारी

पोळ्या सोडून मी शाळेत गेली. मॅडमले सगळं सांगतलं, भाजलं ते, मशीनचं, तुकड्याचं. मॅडम चांगली आहे, ऐकून घेतलं. म्हणे ताई, तुम्ही घाबरू नका, मी फोन करते. मी म्हटलं फोन नको, तुम्ही जाऊन पाहा. तं म्हणे माह्याजवळ इतल्या पोरी, इतल्या कंपन्या, पोरी घ्याले कोणी तयार नाही, हातापाया पडून ह्या दोघीले घेतलं त्यायनं. आता काढली तं वर्ष जाईन पोरीचं.

बोलता बोलता फाईल उघडली तं माही सही दिसली. चार कागदावर. हप्ता पहिला, दुसरा, तिसरा, चौथा.

आठवलं मंग. पाठवाच्या आधी शनिवारी पालकायले बोलावलं होतं. मॅडम म्हणे दर हप्त्याले एक सही लागते, तुम्ही कामं बुडवून कुठं येता दर शनिवारी, एकदमच करून ठेवा. सगळ्यायनं केल्या. मलेही बरं वाटलं, खाडा वाचला. रोशनीच्या मायनं चार अंगठे लावले, मी चार सह्या केल्या. मनात आलं, मी अंगठेवाली नाही.

आज वाचलं काय लिहून आहे ते. माझ्या पाल्यास फक्त पॅकिंगचे काम दिले. मशीनपासून दूर ठेवले. सुरक्षेची माहिती दिली. माझी कोणतीही तक्रार नाही.

चौथा हप्ता अजून आलाच नाही.

मी म्हटलं, मॅडम, हे कागद द्या मले. मॅडम म्हणे ते ऑफिसचे आहे आता ताई.

सोमवार, १२ जानेवारी

मॅडमनं फोन केला कंपनीत. सकाळी दोघीले टेबलावर बसवलं, दुपारी परत मशीनवर. सुपरवायझरनं सगळ्यायसमोर विचारलं म्हणे, कोणाची आई शाळेत रडाले गेलती?

सम्मी माह्यावर चिडली. "तू काहून गेली वं? आता तुले मी काहीच सांगणार नाही."

ह्यायले सांगतलं. हे त्याच कंपनीचा माल छोट्या हत्ती टेम्पोनं वाहते, गाडी ठेकेदाराची. हे म्हणे, चार हप्ते काढ कसे तरी. मी पाहतो तिकडं गेलो तं. गेले तं गेटच्या आत सोडत नाही ड्रायव्हरले.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. कंपनीले सुट्टी नाही. सकाळी तिळाचे लाडू बांधून दिले, दोघीपुरते. सम्मीच्या डोक्यावर हात ठेवून मी बोलली. तुकडा लावू नको. हळू होईन तं होऊ दे. बोलणे खा. माही शपथ आहे.

हाव म्हणे. बसच्या दारातून म्हटलं तिनं. मी दोनदा म्हणवून घेतलं.

गुरुवार, १५ जानेवारी

लिहिल्या जात नाही.

रोशनीचा हात आला मशीनमध्ये. उजवा.

चार वाजता मॅडमचा फोन. अर्धंच ऐकलं मी. कंपनीत मुलीला लागलं एवढंच. कोणती मुलगी ते नंतर बोलली. मधात जेवढा टाइम गेला तेवढ्यात मी मेली होती. रोशनी म्हटल्यावर मी देवा तुझे उपकार म्हटलं. तोंडानं म्हटलं, पोळ्यावाल्या बायायनं ऐकलं.

मंग मले माहीच लाज वाटली.

शुक्रवार, १६ जानेवारी

दोन बोटं गेली. अंगठ्याजवळचं अन् मधलं. तिसरं राहते का पाहू म्हणे डॉक्टर.

सम्मी काल आली ते बोललीच नाही. स्वेटरच्या बाहीवर डाग होता, मी भिजत टाकलं तं ओढून घेतलं तिनं. अंगावर घेऊन पडली आहे.

शनिवार, १७ जानेवारी

मी दवाखान्यात गेली. सम्मी नाही आली, कंपनीतही जात नाही आता. रोशनीची माय पायऱ्यावर बसली होती. ती भाजी विकते, नवरा सुरतले असते कामाले, तो उद्या येईन. मले पाहून रडली नाही. म्हणे, उजवा हात आहे वं बाई. लिहीन कशी? मंग म्हणे, पोळी तं डाव्यानंही खाता येते म्हणा.

रोशनी झोपली होती. पट्टी कोपरापर्यंत. एवढीशी पोट्टी पलंगात दिसतच नव्हती. मी पाय दाबले थोडा वेळ. निघताना मायनं मलेच विचारलं, तू जेवली का म्हणून.

सोमवार, १९ जानेवारी

शाळेत बोलावलं दोघी मायायले. हेडमास्तर, मॅडम, अन् कंपनीचा एक माणूस, इस्त्रीचा शर्ट. त्यानं वाचून दाखवलं. मुलीनं मनानं मशीनले हात लावला. मुलीनंच बटनात तुकडा घातला. कंपनीनं माहिती दिली होती, पालकांच्या सह्या आहे. हे पाहा. हे पाहा. अन् अंगठे दाखवले रोशनीच्या मायले, तिचेच.

ती म्हणे, मॅडमनं लाव म्हटलं, मी लावले.

मॅडम खिडकीकडे पाहे. मंग तो माणूस माह्याकडे वळला. तुमच्याही मुलीची काही तक्रार नाही, चारही हप्ते, बरोबर?

मले बोलाचं होतं. सुपरवायझरनंच शिकवलं, मी दहा तारखेले सांगतलं होतं, मॅडमले विचारा. पण मी मान हलवली. कशी हलवली, हाव का नाही, मलेच नाही समजलं. त्यानं लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर रोशनीच्या मायनं माह्या पदराले डोळे पुसले.

मंगळवार, २० जानेवारी

आज सम्मी बोलली. भांडे घासत होती, पाठ माह्याकडे. पाठीनंच बोलली.

तुकडा रोशनीनं नाही लावला. सम्मीनं लावला.

त्या मशीनवर सम्मीच होती जेवणापर्यंत. जेवण झाल्यावर सुपरवायझरनं तिले खोके आणाले पाठवलं अन् रोशनीले म्हटलं हिच्या जागेवर उभी राह्य. तुकडा बटनातच होता. रोशनीले काय माहीत? ती कधी लावत नव्हती. तिले वाटलं दार उघडं आहे म्हणजे मशीन थांबून आहे. नेहमीसारखं तिनं बरोबर केलं. आरामात हात घातला झाकण काढाले.

"ती भित होती म्हणून दार उघडं ठेवून हात घातला आई. भित नसती तं घाई केली असती."

शपथेचं विचारलं मी. संक्रांतीच्या दिवशी नाही लावला म्हणे. दिवसभर बोलणे खाल्ले. दुसऱ्या दिवशी लावला.

मी मारली तिले. दोन थापडा. मंग तिच्या हाताचे बोटं धरून पाहत बसली, दाही. साबणाचे होते. तिनं सोडवले नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

ह्यायले सांगतलं. सांगाच लागलं. खूप वेळ गाडीची चाबी हातात फिरवत राहिले.

म्हणे, कोणाले माहीत आहे?

म्हटलं मले, तुम्हाले, सम्मीले.

म्हणे, मंग तिघातच राहू दे.

मी म्हटलं रोशनीवर आळ आला नं. तिच्या चुकीनं झालं म्हटलं की कंपनी हात वर करते, तिले काही भेटत नाही. हे म्हणे अन् आपल्या पोरीचं नाव आलं तं? पोलीस घरी येईन. शाळेतून काढीन. दहा वर्षानंतरही लोकं म्हणीन, हीच ती. तुले पाहिजे का ते? तिले शिकवलं कोणी, तिनं मनानं केलं का? मंग ज्यानं शिकवलं तो निस्तरीन.

वाईट माणूस नाही माहा नवरा. मंग रोशनीले फळं घेऊन गेला स्वतःच. दवाखान्यात आत नाही गेला म्हणे. गेटवरच मायजवळ देऊन आला.

मी काही म्हणू शकत नाही त्याले. देवा तुझे उपकार मीच म्हटलं होतं.

शनिवार, २४ जानेवारी

इस्त्रीच्या शर्टवाला घरी आला. सोबत सफरचंदं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, सगळीकडे पाहून घेतलं. चहा पिला. गोड बोलते. म्हणे तुमची मुलगी लय हुशार आहे, सुपरवायझर नाव काढते. राहिलेले दोन हप्ते टेबलावर करू द्या, नाहीतं घरीच राहू द्या, सर्टिफिकेट आम्ही देतो, चांगला शेरा देतो.

मंग कप खाली ठेवला.

"कॅमेरे आहे आमच्याकडे, वहिनी. कोणत्या मशीनवर कोण होतं, सगळं दिसते. आम्ही काही काढलं नाही. तुम्हीही काढू नका."

सम्मी आतल्या खोलीत होती. ऐकलं तिनं. सफरचंदं पिशवीसकट चुलीमागं ठेवून दिले, कोणी हात लावला नाही.

तो निघाला. मी त्याले म्हटलं, पुन्हा या. सवयीनं निघालं तोंडातून.

मंगळवार, २७ जानेवारी

रोशनीले घरी आणलं. मी गेली. आज बोलाचंच म्हणून गेली होती. रस्त्यानं शब्द पाठ केले. माह्या पोरीनं केलं, माफ कर, असं.

मायनं बसवलं अन् दूध आणाले गेली. रोशनी भिंतीले टेकून बसली होती, पट्टीचा हात उशीवर. डाव्या हातानं वहीत अ आ काढत होती. वाकडे. मले पाहून वही पालथी घातली.

माह्या तोंडातून काही निघाच्या आतच ती बोलली. "काकू, सरकारचे साहेब आलते दवाखान्यात. कारखाने पाहते ते. मी सांगतलं त्यायले, तुकडा मीच लावला."

मी म्हटलं काहून वं पोरी?

म्हणे, सम्मीनं मुद्दाम थोडी ठेवला. मी येईन तिले काय माहीत. माहं तं झालंच नं काकू. तिचं कायले खराब कराचं.

अन् म्हणे, "मायले सांगू नका. माय म्हणीन सम्मीसाठी खोटं बोलली. मारीन मले."

साहेब शुक्रवारी शाळेत येणार आहे, सम्मीले विचाराले. तिले सांगा माह्यासारखंच सांग म्हणून, दोघीचं एक आलं पाहिजे. हे सगळं तिनं मले समजावून सांगतलं, मोठ्या बाईसारखं. जखम ठणकत होती, मधातच डोळे मिटून घे.

माय दूध घेऊन आली. मी चहा पिला तिच्या घरचा. पाठ केलेलं एकही बोलली नाही.

बुधवार, २८ जानेवारी

मेसमध्ये पोळ्या करपवल्या, मावशीनं ऐकवलं.

नळावर रोशनीची माय भेटली. पाण्याचा गुंड भरता भरता म्हणे, माही पोट्टी भैताडच आहे वं, येडी. इतली भित्री अन् तुकडा लावाले कशी गेली काय माहीत. लिहून दिलं म्हणे तिनं साहेबाले, आता कंपनी म्हणते आमच्यावर काही येत नाही. "तुही सम्मी पाहा कशी हुशार. एकाच जागी काम, पण समजून राहिली."

गुंड तिच्या डोक्यावर मीच ठेवून दिला. पाणी सांडलं माह्या हातानं. ती हसली, म्हणे तुलेही काही झालं का?

आता कंपनीवाले सोडून माहीत असणारे चार आहे. तिघं चूप आहे भीतीनं, एक चूप आहे मायेनं. अन् जिले माहीत पाहिजे तिलेच माहीत नाही.

मी कोणाची माय आहे? सम्मीची आहे हे मले समजते. तेवढंच समजते. त्याच्या पुढं डोकं चालत नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

सम्मीले सांगतलं रोशनीचं. न सांगता ठेवाचं होतं, नाही जमलं.

तिनं ऐकलं. मंग विचारलं, "डाव्या हातानं अक्षर येते का तिले?" म्हटलं शिकून राहिली.

दुपारी मॅडमचा फोन आला. उद्या अकरा वाजता. मुलगी अठराच्या आत आहे तं आईले आत बसता येते. मॅडम हळूच म्हणे, ताई, तुम्ही त्या दिवशी येऊन सांगतलं होतं ते साहेबानं विचारलं तं मी काय सांगू? मी म्हटलं जे आहे ते सांगा. मॅडम म्हणे मंग तुम्हीही सांगा. फोन ठेवला तिनं. तीही भिऊन आहे.

हे जेवाले आलते, मंग गाडी घेऊन गेले. जाताना म्हणे, आत बस पोरीजवळ, तू समोर असली तं ती बरोबर बोलीन. बरोबर म्हणजे काय ते मी विचारलं नाही, त्यायनं सांगतलं नाही.

सम्मीचा शाळेचा ड्रेस धुऊन टाकला. ती दोरीजवळ उभी होती. म्हणे, आई, तू उद्या आत नको येऊ.

म्हटलं काहून?

"तू आत असली तं मी तुह्या तोंडाकडे पाहीन. अन् तू मान हलवशीन."

कशी हलवीन, तेही तिनं नाही म्हटलं. बाल्टी घेऊन आत गेली. तेव्हाची विचारूनच राहिली, आता पोळ्याले निघाच्या आधीही विचारलं. येणार नाही नं? येणार नाही नं आई?

मी अजून हाव म्हटलं नाही.